मोत्यापूर्वी शिंपला ओळखावा

गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीविषयी चौकशी करावयास येणारे शेतकरी बंधू पहिला प्रश्न बहुधा एकच विचारतात : एका शिंपल्यातून मोती किती निघतात आणि एक मोती काय भावाने जातो? दुसरा प्रश्न मणी कोठे मिळतात हा असतो, तिसरा अनुदानाचा. ज्या प्राण्याच्या पोटी हा मोती जन्मावयाचा, तो प्राणी आपल्या तळ्यात जगेल काय, आणि तो धडधाकट आहे की आजारी आहे हे कशावरून समजावे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. गाय विकत घेणारा मनुष्य दुधाचा हिशेब करण्याआधी गाईच्या डोळ्यांत पाहतो, नाकपुडी ओली आहे की कोरडी हे पाहतो, ती रवंथ करते की नाही हे पाहतो. शिंपल्याला पाहावयास तसे डोळे नाहीत, त्याला आवाज नाही, तो रवंथ करीत नाही. म्हणून त्याला दुखणेच नसते असे आपण धरून चालतो.

ह्या समजुतीची किंमत काय पडते ते मी नागपूर जिल्ह्यातील एका गावी पाहिले. संत्र्याच्या बागेला लागून शेततळे होते. तळ्यावर बांबू आडवे टाकून नायलॉनच्या जाळीदार पिशव्या टांगलेल्या होत्या. मालकाने मोठ्या हौसेने एक दोरी वर ओढली व पिशवी माझ्या हाती दिली. पिशवी चांगली जड होती. "दर महिन्याला उचलून पाहतो. वजन कमी झालेले नाही," असे ते म्हणाले. आतील दोन शिंपल्यांपैकी एकाची दोन्ही कवचे मी अंगठ्याने आडवी सरकवून पाहिली, तो ती सहज एकमेकींवरून घसरली. आत प्राणी नव्हता. काळा गाळ होता. दुसऱ्याचीही तीच गत. त्या दिवशी आम्ही दहा पिशव्या काढल्या. वीस शिंपल्यांत जिवंत सहा निघाले. शस्त्रक्रियेचे शुल्क, मण्यांचा खर्च, प्रशिक्षणाचे पैसे हे सर्व त्या गृहस्थांनी भरले होते. प्रशिक्षणात शिंपला उघडावा कसा, मणी बसवावा कसा हे त्यांना शिकविले होते. जिवंत शिंपला व मेलेला शिंपला यांतील भेद मात्र त्यांना कोणी दाखविला नव्हता.

ह्यावरून माझे एक मत बनले आहे. ते काहींना अप्रिय वाटेल, तरी येथे स्पष्ट मांडतो. ज्या शेतकऱ्याने ह्यापूर्वी शिंपले पाळलेले नाहीत त्याने पहिले एक वर्ष एकाही शिंपल्यात मणी घालू नये. पन्नास शिंपले आणावेत, ते टांगावेत आणि वर्षभर केवळ जगवून दाखवावेत. पन्नासांतील चाळीस वर्षाअखेर जिवंत असतील व त्यांची कडा वाढली असेल, तर मग मण्याचा विचार करावा. तसे नसेल तर तळे मोत्यांस योग्य नाही, किंवा पाळणारा अजून तयार झालेला नाही. दोन्ही गोष्टी पन्नास शिंपल्यांच्या किमतीत समजणे हे पाच हजार शिंपल्यांच्या किमतीत समजण्यापेक्षा निश्चित बरे.

शिंपला हा प्राणी आपल्याकडे नवा नव्हे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत, ज्यांना आज माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात त्यांत, तसेच वैनगंगा, कन्हान ह्यांसारख्या नद्यांत तो पूर्वापार आहे. शिंपल्याने कैरी खरवडणारी, दुधाच्या भांड्याची साय काढणारी आजी पुष्कळांनी पाहिली असेल. मोत्यांसाठी भारतात मुख्यतः तीन जाती वापरतात : लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरियानस आणि पॅरेसिया कोरुगाटा. पहिल्या दोन जातींचे कवच लांबट, काळसर व तुलनेने पातळ असते. तिसरीचे लहान, गोलसर व जाड. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा येथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था आहे. ह्याच संस्थेने ह्या जातींवर काम करून गोड्या पाण्यातील मोत्यांचे तंत्र आपल्या देशात बसविले. समुद्रातील मोत्यांचे काम त्याआधीचे. तुतिकोरिन येथे 1973 साली समुद्री शिंपल्यात गोल मोती तयार करण्यात यश आले होते.

शिंपल्याचा संसार थोडक्यात समजून घेतला तर त्याचे दुखणे ओळखणे सोपे जाते. दोन कवचांच्या आतल्या बाजूस अस्तरासारखा एक पातळ मांसल पडदा असतो, त्यास प्रावार म्हणतात. कवच वाढविणे व आतील चकाकणारा थर घालणे हे ह्या पडद्याचे काम. मोतीही त्याच द्रव्याचा. म्हणजे मोती हा शिंपल्याने वेगळा असा काही बनविलेला पदार्थ नव्हे. आपल्या घराच्या भिंतीस तो जो गिलावा देतो तोच मण्याला देतो. मागील टोकाशी दोन द्वारे असतात. एकातून पाणी आत जाते, कल्ल्यांतून गाळले जाते, त्यातील सूक्ष्म प्लवक अन्न म्हणून पोटात जाते, प्राणवायू रक्तात जातो, आणि उरलेले पाणी दुसऱ्या द्वाराने बाहेर पडते. एक प्रौढ शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी असे गाळतो. त्याची मादी अंडी कल्ल्यांतच वाढविते. त्यातून निघालेली पिले काही दिवस माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात व मग तळाशी पडून स्वतंत्र जगू लागतात. ज्या तलावात योग्य मासा नाही त्या तलावात शिंपल्याचा वंश पुढे चालत नाही, हे मत्स्यसंस्थांच्या सभासदांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता परीक्षेचा भाग. हाच भाग ह्या लेखाचा खरा विषय असल्यामुळे तो सावकाश सांगतो.

पहिली परीक्षा पाण्यातच करावी. शिंपला बाहेर काढण्याची घाई करू नये. सकाळच्या उन्हात, पाणी स्थिर असताना, एक शिंपला स्वच्छ काचेच्या बरणीत किंवा पांढऱ्या बादलीत तळ्याच्याच पाण्यात ठेवावा व अर्धा तास तेथून दूर व्हावे. धडधाकट शिंपला थोड्या वेळाने कवचे किंचित उघडतो. मागच्या टोकाशी प्रावाराची कडा दिसू लागते, एका द्वारास बारीक झालर दिसते. आता बादलीवर हाताची सावली पाडावी किंवा काडीने हळूच स्पर्श करावा. त्याने ताबडतोब, एका झटक्यात मिटले पाहिजे. सावकाश मिटला, अर्धवट मिटून राहिला, किंवा दोनतीनदा स्पर्श केल्यावर मिटला, तर तो अशक्त आहे असे समजावे. कवचे मिटून घेणारे दोन स्नायू, एक पुढे व एक मागे, थकलेले आहेत. उलट, तासन् तास एकही शिंपला उघडत नसेल, तर त्यांना पाण्यात काही सोसवत नाही आणि ते श्वास कोंडून बसले आहेत, असा त्याचा अर्थ होतो. नवखा माणूस मिटलेल्या शिंपल्याला निरोगी समजतो. वस्तुतः सुखी शिंपला उघडा असतो व भित्रा असतो.

प्रवाळ बेटांजवळ लक्षद्वीपच्या समुद्रात राक्षसी शिंपले म्हणून एक मोठी जात आहे; ती आता कायद्याने संरक्षित आहे. तिच्या प्रावारात सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास देते. परदेशांत हौशी लोक काचेच्या मोठ्या टाक्यांत खारे पाणी व प्रवाळ ठेवून अशा शिंपल्यांचे पालन करतात. तेही आपल्या शिंपल्यांची परीक्षा ह्याच खुणांनी करतात : प्रावार कवचाच्या कडेपर्यंत पसरला आहे काय, सावली पडताच तो आत ओढला जातो काय, कवचे फार फाकलेली तर नाहीत ना. त्यांच्या शिंपल्याला ऊन लागते, आपल्या शिंपल्याला प्लवक लागते. परंतु दोघांचीही नाडी कवचाच्या कडेशीच पाहावयाची असते.

दुसरी परीक्षा हातावर. कोकणातील गृहिणी बाजारातून आणलेल्या तिसऱ्या निवडताना उघडलेली तिसरी टिचकी मारून पाहते. मिटली तर ठेवते, न मिटली तर फेकते. जड पण संशयास्पद तिसरी ती चिमटीत धरून आडवी सरकविते, कारण चिखल भरलेली कवचे घसरतात, जिवंत प्राण्याची घसरत नाहीत. ही घरगुती परीक्षा आपल्या शिंपल्यांस तंतोतंत लागू पडते. पिशवीच्या वजनावर कधीही विसंबू नये. दोन शिंपले एकमेकांवर हलकेच आपटले असता भरीव आवाज आला पाहिजे. पोकळ, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर आत पाणी किंवा हवा आहे. वास हा शेवटचा साक्षीदार. वास येईपर्यंत वाट पाहणाराचे शेजारचे चार शिंपलेही गेलेले असतात, कारण कुजणारा शिंपला आपल्या पिशवीतील पाणी नासवितो.

तिसरी परीक्षा वाढीची. ही वर्षभराची आहे व हिच्यासाठी वही लागते. दहा शिंपल्यांच्या कवचावर कानशीने बारीक खूण करावी किंवा रंगाने क्रमांक घालावा. दर महिन्यास लांबी मोजावी व किराणा दुकानातील तराजूसारख्या अचूक काट्यावर, बाहेरून पुसून, वजन करावे. मणी घालावयाच्या शिंपल्याची लांबी सुमारे 8 सें.मी. व वजन सुमारे 50 ग्रॅम किंवा अधिक असावे असे जाणकार सांगतात. परंतु माझ्या मते वजनापेक्षा कडा अधिक खरी. वाढणाऱ्या शिंपल्याच्या कवचाची बाहेरची कडा पातळ, ताजी व फिकट असते, नखाने दाबल्यास किंचित लवते. वाढ थांबलेल्याची कडा जाड, बोथट व काळपट होते. ज्याची कडा वाढत नाही त्याचा प्रावार गिलावा घालीत नाही. मग तो मण्यावर तरी काय घालणार?

चौथी परीक्षा गाळण्याची. ती मला सर्वांत आवडते, कारण तिला उपकरण लागत नाही आणि लहान मुलेही ती करू शकतात. सारख्या आकाराच्या दोन बादल्या घ्याव्यात. दोन्हींत तळ्यातील हिरवट पाणी सारखे भरावे. एकीत पाच शिंपले ठेवावेत, दुसरी रिकामी असावी. दोन्ही सावलीत ठेवाव्यात. काही तासांनी शिंपल्यांच्या बादलीचे पाणी दुसरीपेक्षा स्पष्टपणे निवळलेले दिसले पाहिजे व तळाशी शेंबडासारख्या दोऱ्यांत बांधलेली घाण पडलेली दिसली पाहिजे. दोन्ही बादल्या सारख्याच हिरव्या राहिल्या, तर आपले शिंपले उपाशी बसलेले आहेत. रिकामी बादली ठेवावयास विसरू नये. नुसता गाळ खाली बसला तरी पाणी निवळते व मनुष्य फसतो.

मेलेला शिंपला फेकून देण्यापूर्वी उघडून पाहावा. आतील चकाकणारा पृष्ठभाग गुळगुळीत आहे काय? तो खरबरीत, खड्डे पडलेला, खडूसारखा निस्तेज दिसला, तर त्या शिंपल्याने मरण्यापूर्वी बराच काळ मिटून काढलेला असतो. पाण्यात प्राणवायू नसला किंवा विष असले म्हणजे शिंपला मिटून बसतो; आत आम्ल साचते; ते मारण्यासाठी तो स्वतःच्या कवचाचा चुना विरघळवितो. जो थर मोत्यावर चढावयाचा तोच थर तो अशा वेळी जगण्यासाठी खर्चून टाकतो. मासा प्राणवायूअभावी पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडतो, आपल्याला कळते. शिंपला काही दिवस मुकाट्याने स्वतःचे घर खातो, आणि आपल्याला काही कळत नाही. म्हणून पहाटे मासे वर आलेले दिसले की शिंपल्यांवरही संकट आहे असे समजून त्याच दिवशी ताजे पाणी सोडावे, शेण व खत टाकणे थांबवावे.

आपल्या भागात शिंपला आजारी का पडतो, याची कारणे पुस्तकात दिलेल्या सामान्य कारणांपेक्षा थोडी वेगळी आहेत. पहिले कारण मोरचूद. नागपूरच्या संत्रा उत्पादकाला मोरचूद नवा नाही. डिंक्या रोगावर बोर्डो मिश्रण फवारतात, पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला बोर्डो मलम लावतात. बागेसाठी ते योग्यच आहे. परंतु मोरचुदातील तांबे हे शिंपले-गोगलगाईंच्या वर्गास अत्यंत घातक आहे. जनावरांतील यकृतकृमींचा प्रसार करणाऱ्या गोगलगाई मारण्यासाठी मोरचूदच वापरला जात असे. काचेच्या टाकीत शिंपले पाळणारे हौशी लोकही माशांच्या औषधातील तांब्याला ह्याच कारणाने भितात. बागेचे पाणी उताराने ज्या शेततळ्यात येते त्या तळ्यात शिंपले टांगणे म्हणजे विहिरीच्या काठाशी कीटकनाशकाची बाटली धुणे होय. वर सांगितलेल्या तळ्याच्या बाबतीत मला हाच दाट संशय आहे : फवारणीचा पंप त्याच तळ्याच्या काठावर धुतला जात असे. शेवाळ मारण्यासाठी किंवा माशांच्या उवांवर म्हणून तळ्यात मोरचूद टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर शिंपले असलेल्या तळ्यात तो मानू नये. कापसावरील कीटकनाशकांविषयीही तीच सावधगिरी.

दुसरे कारण उन्हाळा. नागपुरास वैशाखात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो आणि शेततळ्यातील पाणी दिवसेंदिवस खाली उतरते. हिवाळ्यात एक मीटर खोलीवर टांगलेली पिशवी उन्हाळ्यात अर्ध्या मीटरवर आलेली असते, किंवा तळाच्या गाळात रुतलेली असते, दोन्ही वाईट. दोऱ्या बांबूला पक्क्या गाठीने न बांधता सरकत्या गाठीने बांधाव्यात आणि फाल्गुनापासून दर आठवड्यास पाण्याची उंची पाहून त्या ठीक कराव्यात. ज्या तळ्यात ज्येष्ठापर्यंत दीड-दोन मीटर पाणी राहत नाही त्या तळ्यात बारमाही शिंपले ठेवू नयेत, असे माझे मत आहे. काही बंधू तळ्यावर हिरवी जाळी टाकून सावली करतात. एका कोपऱ्यावर ती चांगली. संपूर्ण तळ्यावर टाकली तर प्लवक वाढत नाही व शिंपला उपाशी राहतो.

तिसरे कारण प्लास्टिकचे अस्तर. 2016 साली राज्यात मागेल त्याला शेततळे ही योजना आल्यापासून शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु अस्तर घातलेले तळे हे मूलतः पाण्याची टाकी आहे. त्यात माती नाही, म्हणून मातीतून मिळणारे क्षार नाहीत. विहिरीचे पाणी भरले तर त्यात प्लवकही नसते. अशा तळ्यात आणलेला शिंपला पहिले दोन महिने अंगच्या पुंजीवर जगतो व मग झिजतो. शिंपले आणण्याच्या किमान महिनाभर आधी शेण पाण्यात कालवून, आंबवून, त्याची निवळी थोडीथोडी सोडून पाणी हिरवट करून घ्यावे. किती हिरवट, याची जुनी परीक्षा मच्छीमारांना ठाऊक आहे : कोपरापर्यंत हात पाण्यात घातला असता तळहात अंधुक दिसावा. अगदी स्वच्छ दिसला तर अन्न कमी. कोपराच्या बरेच अलीकडे दिसेनासा झाला तर शेवाळ फार झाले व पहाटे प्राणवायू कमी पडण्याची भीती. रंग गाळाचा की प्लवकाचा अशी शंका आल्यास बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवावे. गाळ खाली बसतो, हिरवेपणा बसत नाही. काळ्या मातीच्या तळ्यांत पावसाळ्यात हा गाळच शिंपल्यांचे कल्ले गुदमरवितो. सायप्रिनस मासा तळ उकरीत असल्यामुळे अशा तळ्यात तो सोडू नये. रोहू व कटला चालतात.

चुन्याविषयी एक गोष्ट. नागपूर हे दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेस काळा पाषाण व काळी माती. तेथील पाण्यात चुन्याचा अंश साधारणतः पुरेसा असतो. पूर्वेस भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुने स्फटिकमय खडक आहेत. तेथील पुष्कळ तलावांचे पाणी हलके असते. कवचाच्या बिजागरीजवळचा उंचवटा झिजून पांढरा पडलेला दिसला तर पाण्यात चुना कमी आहे असा संशय घ्यावा व सामू तपासावा. सामू 7 ते 8 च्या दरम्यान असावा. कमी असल्यास शेतीच्या चुन्याची भुकटी थोडीथोडी, अनेक दिवसांत विभागून टाकावी. कळीचा चुना एकदम ओतणे घातक आहे. सामू अचानक चढतो व मासे-शिंपले दोघेही जातात.

शिंपल्याच्या दुखण्यावर औषध काय, असे विचारतात. बहुधा काहीच नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जखम भरण्यासाठी तज्ज्ञ जंतुनाशक औषधाच्या पाण्यात शिंपले ठेवतात, ते त्यांच्या देखरेखीखाली ठीक आहे. परंतु तळ्यात औषध ओतून आजारी शिंपला बरा होत नाही. त्याचा उपचार म्हणजे त्याला त्रास देणारी गोष्ट काढून घेणे : मेलेला शेजारी काढणे, पिशवीवरील शेवाळ व गाळ झाडणे, गर्दी कमी करणे, दोरी खालीवर करणे, ताजे पाणी सोडणे. एका पिशवीत दोनच शिंपले ठेवावेत. आणताना ते ओल्या गोणपाटात, रात्रीच्या गारव्यात आणावेत. वाटेत बादलीतील थोड्या पाण्यात शंभर शिंपले कोंबून आणले तर ते उंबरठ्यावरच मरतात. आणल्यावर एकदम तळ्यात न टाकता तळ्याचे पाणी थोडेथोडे मिसळावे. शस्त्रक्रिया उन्हाळ्यात करू नये. कल्ले फुगलेल्या, पिले पोटात असलेल्या मादीवर तर केव्हाही करू नये. गाभण गाईला आपण औताला जुंपीत नाही.

माझ्या वर्षभराच्या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातात. एक म्हणजे एक वर्ष फुकट जाते. मोती तयार होण्यास शस्त्रक्रियेनंतर सुमारे बारा ते अठरा महिने लागतात. पहिल्या खेपेत निम्मे शिंपले मेले तर दीड वर्ष व भांडवल दोन्ही जातात. जगविण्याच्या वर्षात जाते ते केवळ वर्ष, आणि तेही संपूर्ण जात नाही, कारण त्याच तळ्यात मासे वाढत असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शिंपले नदीत फुकट मिळतात, मेले तर दुसरे आणता येतात. ह्या वाक्याने माझे मन अस्वस्थ होते. नदीतला शिंपला आठ सेंटिमीटरचा व्हावयास काही वर्षे जावी लागतात. दरवर्षी हजारो शिंपले पोत्यांनी उचलले तर धिवर बांधवांच्या तलावात व नदीच्या डोहात काय उरेल? तलाव मत्स्यसंस्थेच्या ठेक्यात असेल तर संस्थेला विचारल्याशिवाय तेथून शिंपले काढणे हे उघड उघड परक्याच्या शेतातून कणसे मोडणे आहे. जपानात बिवा सरोवरातील गोड्या पाण्याचे मोती एके काळी जगभर नावाजलेले होते. सरोवराच्या काठी कारखाने, वसाहती व शेतीची रसायने वाढली, पाणी बिघडले, आणि 1970 नंतरच्या काळात तेथील मोत्यांचा व्यवसाय ओसरत गेला. मणी बसविणारे कुशल हात होते. शिंपले जगेनासे झाले. आपल्याकडेही नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानमध्ये व तेथून वैनगंगेवरील गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाते. तेथील शिंपले आणून स्वच्छ तळ्यात टाकण्यापूर्वी दहादा विचार करावा. ते पाणी गाळताना त्यातील धातूही आपल्या अंगात साठवितात.

आणखी एका व्यवहाराविषयी ग्रामसेवक बंधूंना सावध करावेसे वाटते. शिंपले आम्ही देतो, शस्त्रक्रिया आम्ही करतो, मोती आम्हीच हमीभावाने परत घेतो, तुम्ही केवळ रक्कम भरा, असे सांगणारे लोक गावोगाव येतात. त्यांतील काही प्रामाणिक असतीलही. पारख सोपी आहे. त्यांना इतकेच विचारावे : मागील वर्षी दिलेल्या शिंपल्यांपैकी जगले किती, ते कोणाच्या तळ्यात पाहता येतील, आणि दिलेला शिंपला पहिल्या महिन्यात मेला तर तो कोणाचा? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. शिंपले स्वीकारताना वरील बादलीची परीक्षा सर्वांसमक्ष करावी. अशक्त शिंपले त्याच वेळी परत करावेत. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शिंपले व मोती-संवर्धनाचाही समावेश आहे, म्हणून अनुदानाचे नाव घेऊन येणारे पुष्कळ भेटतील; खरी माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातच घ्यावी. नागपुरास महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. पाण्याचा नमुना व दोनचार मेलेले शिंपले घेऊन तेथील तज्ज्ञांना विचारण्यात संकोच बाळगू नये.

ज्या गृहस्थांच्या तळ्याची हकीकत आरंभी सांगितली ते निराश होऊन पिशव्या काढून टाकणार होते. त्यांनी तसे केले नाही. उरलेले सहा व नवे चव्वेचाळीस असे पन्नास शिंपले त्यांनी मणी न घालता टांगले. फवारणीचा पंप आता बागेच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याच्या उताराच्या पलीकडे धुतला जातो. बागेतून येणारी चारी वळवून नाल्याकडे नेली आहे. त्या नाल्याच्या खालच्या अंगाला कोणाचे तळे आहे हे मी त्यांना विचारले, तेव्हा ते थोडे थांबले व म्हणाले की ते अजून पाहावयाचे आहे. वही त्यांची सातवीतील मुलगी ठेवते. तीत चैत्राच्या पानावर एकोणपन्नास हा आकडा आहे, वैशाखाच्या पानावर सत्तेचाळीस, आणि पुढे बारीक अक्षरांत लिहिले आहे : दोऱ्या एक हात खाली सोडल्या.